आसपासच्या लाकडातून धनुष्य बनवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धनुष्यासाठी सगळ्यात बेस्ट लाकूड कुठलं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर ऐकून बरेच जण नाराज होतात, कारण त्यांना एका झाडाचं नाव हवं असतं. नावं आहेतच. युरोपात यू, अमेरिकेत ओसेज ऑरेंज, ही दोन नावं सगळीकडे वाचायला मिळतात आणि ती लाकडं खरंच अफलातून आहेत. पण डेन्मार्कच्या होल्मेगार्डच्या दलदलीत 1944 साली जी धनुष्यं सापडली, साधारण 9000 वर्षांपूर्वीची, ती एल्मची होती. एल्म हलकं, पांढरट, साधं लाकूड. त्या लोकांना एल्म मिळालं, त्यांनी एल्मला साजेशी रुंद, चपटी धनुष्यं बनवली. आल्प्समध्ये 1991 साली बर्फात जो 5300 वर्षांपूर्वीचा माणूस सापडला त्याच्याजवळ 1.82 मीटर लांबीचं अर्धवट तासलेलं धनुष्य होतं, ते यूचं. म्हणजे जे मिळतं ते नीट पारखायचं आणि त्याला झेपेल असा आकार द्यायचा, एवढंच हजारो वर्षं चालत आलंय. चांगल्या जातीच्या वाकड्या, गाठाळ खोडापेक्षा साध्या जातीचं सरळ, स्वच्छ खोड मी कधीही आधी उचलीन.

लाकडात नेमकं काय असावं लागतं?

धनुष्य ओढलं की लक्ष्याकडची बाजू ताणली जाते आणि आपल्याकडची बाजू दाबली जाते. लक्ष्याकडची ती पाठ, आपल्याकडची ते पोट, हे दोन शब्द पुढे सारखे येणार आहेत म्हणून आत्ताच डोक्यात बसवून घ्या. पाठ ताणाने तुटते, आणि तुटते तेव्हा एका क्षणात, आवाज करून, दोन तुकडे. पोट दाबाने चेपतं, ते हळूहळू होतं, धनुष्य मोडत नाही पण त्याला पोक येतो, म्हणजे दोरी काढल्यावरही ते पूर्ण सरळ होत नाही.

बहुतेक लाकडं ताण जास्त सहन करतात आणि दाब कमी. म्हणून पाठीचे धागे अखंड ठेवले की ती सांभाळली जाते आणि पोटाला पुरेशी रुंदी दिली की तेही टिकतं. नुसतं कडक लाकूड उपयोगाचं नाही. दगडासारखं कडक पण ठिसूळ लाकूड असतं, तसंच लवचिक पण मऊ, वाकवलं की तसंच वाकून राहणारं असतं, ही दोन्ही कामाची नाहीत. आपल्याला वाकून परत जागेवर येणारं हवंय.

झाडाचं नावच माहीत नाही, तरी कळेल का चालेल की नाही?

हो, कळेल, आणि माझ्या मते नाव माहीत असलं तरी ही टेस्ट करावीच. त्याच खोडाच्या वाळलेल्या तुकड्यातून एक पट्टी काढा, साधारण 60 सेंमी लांब, 1 सेंमी रुंद आणि बरोब्बर 6 मिमी जाड, धागे सरळ लांबीत जाणारे, गाठ नको. आता 200 लिटरचा पाण्याचा ड्रम असतो ना, त्याचा व्यास जवळपास 57 ते 60 सेंमी असतो, त्याच्या गोलाईवर ही पट्टी हळूहळू दाबून टेकवायची. 6 मिमीची पट्टी तेवढ्या गोलाईवर वाकली की तिचा बाहेरचा पृष्ठभाग सुमारे 1 टक्का ताणला जातो, आणि नीट बनवलेलं लाकडी धनुष्य पूर्ण ओढल्यावर लाकडावर साधारण याच्याच आसपास ताण येतो. म्हणजे अख्खं धनुष्य बनवायच्या आधीच तुम्ही लाकडाला खरा प्रश्न विचारून घेताय.

पट्टी 10-15 सेकंद धरून ठेवा, सोडा, सपाट टेबलावर ठेवून बघा. जवळजवळ सरळ झाली तर खूश व्हा. मध्ये दोन-तीन मिमी उचललेली राहिली तरी चालतं, फक्त डिझाइन रुंद करावं लागेल. केळीसारखी वाकडीच राहिली तर पोट कमजोर आहे. आणि ड्रमवर टेकायच्या आतच मोडली तर ते लाकूड एकट्याने धनुष्याला नको, किंवा तुमच्या पट्टीत धागे तिरके गेले होते, एकदा दुसरी पट्टी काढून खात्री करा.

मग ती पट्टी मुद्दाम मोडा. हे बरेच जण करत नाहीत आणि इथेच सगळं कळतं. चांगलं लाकूड मोडताना आधी कुरकुरतं, मग लांब लांब सळया निघतात, झाडूसारखी तुटते, दोन्ही तुकडे काही धाग्यांनी लोंबकळत राहतात. वाईट लाकूड खडूसारखं मोडतं, टक् करून, आडवं, तुटलेली जागा सपाट आणि बोटाला दाणेदार लागते. अशी खडूसारखी मोड दिसली तर जात कितीही नावाजलेली असू दे, ते खोड बाजूला ठेवा, कारण कुजायला सुरुवात झालेल्या चांगल्या लाकडाचीही मोड अशीच दिसते आणि वरून रंगात काही फरक कळत नाही.

लाकूड किती जड आहे हे घरी कसं मोजू?

घनता मोजायला एकदम सोपी पद्धत आहे. सगळीकडे सारख्या जाडीची काडी घ्या, तिचे लांबीत दहा सारखे भाग पेन्सिलीने करा, उंच भांड्यात किंवा पाइपात पाणी भरून काडी उभी सोडा (बोटाने आडवी पडू न देता). दहापैकी सहा भाग बुडाले तर घनता 0.6, आठ बुडाले तर 0.8. पटकन वाचायचं, नाहीतर काडी पाणी पिते. किंवा चौकोनी तुकडा मापून ग्रॅम भागिले घन सेंमी करा, तेच उत्तर येतं.

अंदाजासाठी: वाळलेलं यू 0.65 ते 0.67 च्या आसपास असतं, अॅश 0.68 च्या जवळ, हिकरी 0.8 च्या आसपास, ओसेज 0.85 च्या.

मग त्या आकड्यावरून काय ठरवायचं?

रुंदी ठरवायची. जड लाकूड अरुंद चालतं, हलक्याला रुंद लागतं. मी 40-45 पाउंडाच्या धनुष्याला (पाउंड म्हणजे ते पूर्ण ओढायला लागणारा जोर) 0.8 च्या वरचं लाकूड असेल तर भुजा (मुठीच्या दोन्ही बाजूंचे वाकणारे भाग) सगळ्यात रुंद जागी 4 सेंमी ठेवतो, 0.65 च्या आसपास असेल तर 5 सेंमी, आणि 0.5-0.55 असेल तर 6 ते 6.5. त्याच्याही खाली हलकं असेल तर मी त्यात वेळ घालवत नाही.

इथे लोक एक चूक करतात, हलक्या लाकडाला ताकद यावी म्हणून जाडी वाढवतात. उलटं होतं. जाडी वाढली की कडकपणा घनाच्या हिशोबाने वाढतो, जाडी दुप्पट तर कडकपणा आठपट, फक्त 10 टक्के जाडी वाढवली तरी कडकपणा 33 टक्के वाढतो. पण जाड पट्टी तेवढीच वाकवली की तिच्या पृष्ठभागावरचा ताणही वाढतो, आणि मोड पृष्ठभागावरूनच सुरू होते. रुंदी दुप्पट केली तर कडकपणा दुप्पट होतो आणि ताण तेवढाच राहतो. म्हणून शंका आली की रुंद करा, लांब करा, जाड करू नका. आणि अनोळखी लाकडाला पोट सपाटच ठेवा, इंग्लिश लाँगबोसारखं गोल पोट दिसायला सुंदर असतं पण त्यात सगळा दाब मधल्या उंच पट्ट्यावर येतो, ते यूसारख्याच लाकडाला झेपतं.

लांबी किती ठेवू?

पहिलं असेल तर स्वतःच्या उंचीएवढी. हिशोबच हवा असेल तर जेवढं ओढणार त्याच्या दुप्पट आणि वर मधल्या न वाकणाऱ्या मुठीसाठी 10 इंच, म्हणजे 28 इंच ओढणाऱ्याला 66 इंच.

उभं खोड कसं पारखायचं?

ज्याचं झाड आहे त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हे आधी. पडलेली झाडं, छाटणीतली खोडं यातून भरपूर मिळतं, फक्त जमिनीवर किती दिवस पडलंय ते बघा.

मग साल वाचायला शिका. सालीवरच्या उभ्या चिरा ज्या दिशेने जातात त्याच दिशेने आत धागे जातात. चिरा खोडाभोवती जिन्यासारख्या फिरत वर जात असतील तर आत लाकूडही पिळलेलं आहे, फाडल्यावर पंख्याच्या पात्यासारखं वळलेलं निघेल. थोडा पीळ चालतो, हाताच्या लांबीत बोटभर सरकला तर मी घेतो.

कललेलं झाड असेल तर जपून. झाड उभं राहायला धडपडत असतं आणि त्यासाठी एका बाजूला वेगळंच लाकूड बनवतं, रुंदपर्णी झाडात ते कललेल्या खोडाच्या वरच्या बाजूला बनतं आणि ताणात असतं, पाइनसारख्या सूचिपर्णी झाडात खालच्या बाजूला बनतं आणि ते ठिसूळ असतं. सूचिपर्णीची ती खालची बाजू मी सरळ सोडून देतो. रुंदपर्णीची वरची बाजू घेतली तर फाडल्यावर ती बाहेर वाकते का ते बघून मगच आखणी करतो.

जाडी 12-15 सेंमी व्यास मिळाली तर उत्तम, पाठ सपाट निघते आणि एका खोडातून दोन ते चार तुकडे होतात. मनगटाएवढ्या खोडातूनही एक धनुष्य निघतं, फक्त त्याची पाठ गोल राहते आणि ताण मधल्या रेषेवर जास्त येतो, मग पाउंड जरा कमी ठेवायचे.

फांदी चालते का?

सरळ वर गेलेली फांदी असेल तर चालते. आडवी गेलेली नको, वरच्या प्रश्नात सांगितलं तेच कारण.

कधी तोडायचं? साल काढायची का?

नवी पालवी फुटते त्या दिवसांत खोडात रस चढलेला असतो आणि साल अक्षरशः हाताने सोलून निघते, खाली ओलसर, गुळगुळीत, चकचकीत लाकूड दिसतं, आणि तीच तुमची पाठ, तयार. एकही धागा तुटलेला नाही. त्याच्यावर कोयता, कानस, काही लावायचं नाही. मला या सगळ्या कामातला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. पण अशी सोललेली पाठ भराभर वाळते आणि बारीक तडे पडतात, म्हणून लगेच तिच्यावर शेलॅक किंवा पातळ केलेल्या डिंकाचा हात मारा.

वाढ थांबलेल्या दिवसांत तोडलं तर साल चिकटलेली असते, ती तासून काढावी लागते, वेळ जातो, पण लाकूड तेवढंच चांगलं. साल ठेवून वाळवू मात्र नका. सालीखाली कीड लागते आणि दोन महिन्यांनी बारीक भुसा पडायला लागला की मग काही करता येत नाही.

वलयं (खोडात दरवर्षी वाढणारे गोल थर) मोजायची का? एका वलयावर पाठ उतरवायची म्हणजे काय?

सगळ्या लाकडांना लागू नाही. काही झाडं दरवर्षी आधी मोठ्या छिद्रांचा भुसभुशीत थर बनवतात आणि मग घट्ट थर, खोड आडवं कापलं की छिद्रांच्या रांगा नुसत्या डोळ्यांनी दिसतात. अॅश, ओक, एल्म, ओसेज, तुती, साग ही अशी. यात वलयं रुंद असतील तर घट्ट भाग जास्त, म्हणजे लाकूड दणकट, आणि वलयं कागदासारखी पातळ असतील तर सगळा भुसभुशीत मालच भरलेला असतो. सूचिपर्णी झाडात याच्या उलट, तिथे बारीक वलयं चांगली.

ज्यांच्या सालीजवळचं पांढरं लाकूड चांगलं आहे त्यांची साल काढली की काम झालं. ओसेजसारख्यात लोक ते पांढरं काढून टाकून गाभ्यातल्या एकाच घट्ट थरावर पाठ उतरवतात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तोच थर, मध्ये कुठेही खाली घसरायचं नाही. भुसभुशीत थर लागला की हत्याराचा आवाज बदलतो, करकर यायला लागते, तेव्हा थांबायचं आणि तो थर खरवडून खालच्या घट्ट थरावर टेकायचं.

उष्ण भागातल्या पुष्कळ झाडांना अशी स्पष्ट वलयं नसतातच, त्यांच्यात वलयं शोधत बसू नका, सालीखालची पाठ घ्या.

करवतीने कापू की फाडू?

फाडा. पाचर आणि घण घ्या, टोकाला पडलेल्या चिरेतच पहिली पाचर ठोका आणि चीर जाईल तिकडे पुढची पाचर. लाकूड धाग्यांच्या बाजूनेच फाटतं, करवतीला धागे कळत नाहीत. फाटलेला पृष्ठभाग बघा, सरळ सळसळीत असेल तर छान. तो पृष्ठभाग लाटांसारखा, ओरबाडलेला, अर्धे धागे डावीकडे अर्धे उजवीकडे झुकलेले दिसले तर त्याच्या रेषा उलटसुलट आहेत, धनुष्याला ते धोक्याचं.

उष्ण प्रदेशातल्या झाडांपैकी कुठली बघू?

धामण मिळाली तर सोडू नका (झाड, साप नाही). चिवट, लवचिक लाकूड, अवजारांचे दांडे, वल्ही आणि धनुष्यं यासाठी जुन्या काळापासून वापरात आहे. तुती ओसेजच्याच कुळातली, तिच्याएवढी जड नाही पण वागते चांगली, तिला थोडी रुंदी द्या. पेरूचं लाकूड चिवट असतं पण सरळ लांब खोड मिळणं हीच अडचण, मग दोन आखूड तुकडे मुठीत जोडून करतात. बाभूळ दणकट आहे, तिथेही सरळपणाच शोधावा लागतो. साग लोक विचारतात कारण तो घरात असतो: टिकाऊ आहे, वाळताना हलत नाही, पण धक्क्याला जरा ठिसूळ आणि तेलकट, म्हणून रुंद करा, पाठीला बांबू किंवा कापड चिकटवा आणि चिकटवायच्या आधी पृष्ठभाग स्पिरिटने पुसून घ्या.

कडुनिंब आणि नीलगिरी यांच्यात उलटसुलट रेषा फार. चिंच फाटतच नाही, म्हणून तर तिचे खाटकाचे ओंडके होतात. सुरूच्या झाडाचं लाकूड खूप जड पण वाळताना तडकतं. पांगारा, शेवगा हे विसरा. आणि यातल्या कुठल्याही नावावर, धामणीवरसुद्धा, पट्टी मोडून बघितल्याशिवाय विश्वास टाकू नका.

बांबू?

बांबू म्हणजे वरदान आहे. त्याचे सगळ्यात घट्ट धागे बाहेरच्या सालीला लागून असतात, म्हणजे जिथे ताण येतो बरोबर तिथेच. युमी हे जपानी धनुष्य, 2 मीटरहून लांब, बांबू आणि लाकडाच्या थरांनीच बनतं. नुसत्या बांबूचं करायचं तर जाड भिंतीचा किंवा भरीव घ्या, तीन वर्षांपेक्षा कमी वयाचा कोवळा नको, बाहेरची चकचकीत बाजू पाठीला ठेवा आणि तासायचं ते आतूनच. पेरांच्या गाठी बाहेरून घासून सपाट करायचा मोह होतो, तो आवरा, तिथेच मोडतं. बांबूत पिठूळ अंश असतो म्हणून किडा लवकर लागतो, काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवून मग सावलीत वाळवला तर बराच टिकतो.

दुसरा उपयोग म्हणजे कमजोर पाठीच्या लाकडाला 3-4 मिमीची बांबूची पट्टी चिकटवणं. पण लाकूड हलकं असेल तर बांबू इतका ताकदवान ठरतो की पोट चेपून जातं, म्हणून ही जोडी जड लाकडाशीच लावा.

वखारीतली तयार फळी चालेल का?

रेषा बघून घेतली तर चालेल. फळीच्या वरच्या तोंडावर आणि बाजूला, दोन्हीकडे, रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जायला हव्यात. मध्येच कडेला जाऊन संपत असतील तर तिथे धागे कापले गेलेत. पन्नास फळ्या बघितल्यावर एखादी सापडते, तेवढा धीर ठेवा. पाठीला सुती किंवा लिननचं कापड चिकटवलं की थोडा आधार मिळतो, तिरक्या रेषा मात्र त्याने सुधारत नाहीत.

वाळवायला किती दिवस लागतात?

अख्ख्या जाडीत ठेवलं तर इंचाला एक वर्ष असा जुना ठोकताळा आहे. एवढं थांबायची गरज नाही. फाडल्यावर लगेच टोकांना रंग, मेण किंवा डिंक जाड थापा (तोडल्यापासून काही तासांत, कारण तडे टोकातूनच सुरू होतात), मग धनुष्याच्या अंदाजे आकारात, थोडं जाड ठेवून तासून घ्या, आणि सरळ राहावं म्हणून एखाद्या फळीला बांधून सावलीत, हवा खेळती असेल तिथे ठेवा. उन्हात नाही. रोज वजन करून लिहून ठेवा. सुरुवातीला भराभर उतरतं, मग हळू, आणि दोन आठवडे आकडा हलला नाही की हवेशी जुळलं. असं पातळ केलेलं लाकूड काही आठवड्यांपासून दोन-तीन महिन्यांत तयार होतं.

ओलावा 8 ते 10 टक्के असला की उत्तम. त्याच्याहून ओलं असेल तर पोक येतो, 6 च्या खाली गेलं तर ठिसूळ होतं. मोजायचं असेल तर छोटा तुकडा वजन करा, ओव्हनमध्ये 103 अंशाला वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवा, परत वजन करा. 55 ग्रॅमचा 50 झाला तर 5 भागिले 50, म्हणजे 10 टक्के. खाली कोरडं वजन घ्यायचं हे लक्षात ठेवा.

गाठ आली तर टाकून द्यायचं?

बारीक, घट्ट गाठ भुजेच्या मध्यावर असेल तर तिच्याभोवती थोडं जास्त लाकूड ठेवा, पाठीवर तिचा उंचवटा तसाच राहू द्या. कडेवर आलेली किंवा काळी, सैल गाठ नको. मुठीत आली तर काहीच बिघडत नाही, म्हणून आखणी करताना गाठ मुठीत जाईल असं तुकडा वरखाली सरकवून बघा.

काही लाकडं विषारी असतात का?

हो, आणि हे हलक्यात घेऊ नका. यूच्या झाडाचे जवळजवळ सगळे भाग विषारी आहेत, कण्हेरसुद्धा विषारी. बिब्ब्याच्या रसाने कातडीवर फोड येतात, आंब्याचा चीकही काही जणांना सोसत नाही. लाकूड कुठलंही असो, घासताना मास्क लावा, आणि झाड ओळखता येत नसेल तर आधी ओळखणाऱ्या माणसाला दाखवा.

पोटावर बारीक आडव्या सुरकुत्या दिसतायत, लाकूड खराब निघालं का?

दिवा बाजूने तिरका धरून बघा, नखाने चाचपडा. आडव्या केसासारख्या रेषा असतील तर तिथे लाकडाचे धागे चेपलेत. बहुतेक वेळा दोष लाकडाचा नसतो, ती जागा शेजारच्यापेक्षा जास्त वाकतेय. त्या जागेला अजिबात हात न लावता दोन्ही बाजूंनी लाकूड कमी करा, म्हणजे वाक पसरतो. सुरकुत्या सगळ्या पोटभर असतील तर मात्र त्या लाकडाला तेवढे पाउंड झेपत नाहीत, ओढ कमी करा. हलक्या पांढऱ्या लाकडांना पोटाच्या बाजूने निखाऱ्यावर किंवा हीट गनने सावकाश, खरपूस तपकिरी होईपर्यंत शेकलं तर दाब सहन करायची ताकद वाढते. शेकल्यावर काही दिवस तसंच ठेवा, हवेतला ओलावा परत पिऊ द्या, त्याच दिवशी ओढलं तर मोडतं, माझं एक असंच गेलं.

एकाच खोडातून काढलेले दोन तुकडे वेगळे का वागतात?

कारण खोडाची एक बाजू उन्हाकडे, एक सावलीत, एकीकडे फांद्या जास्त, बुंध्याजवळचं लाकूड वेगळं, वरचं वेगळं. म्हणून तुकडा फाडल्या फाडल्या टोकावर पेन्सिलीने लिहा: कुठलं झाड, बुंधा कुठल्या बाजूला, कललेलं असेल तर वरची बाजू कुठली, आणि तारीख. रंग लावायच्या आधी लिहाल तर झाकलं जाईल, म्हणून तेच पोटाच्या बाजूलाही लिहून ठेवा.